जावयाने आणलेले आयर्न काश्मीरला न्यावेत का?

विचारणारे गृहस्थ आपल्या बडोद्याचेच. वय ५४, केमिकल कारखान्यात इंजिनिअर, शनिवार-रविवार नेमाने गोल्फ खेळणारे, हँडिकॅप १८, म्हणजे फेरीत ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण अठरा जास्त घेणारे. जावयाने दुबईहून आयर्नचा, म्हणजे मधल्या आणि आखूड पल्ल्याच्या धातूच्या क्लबचा, नवा सेट आणला आहे: पाच नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत (नंबर वाढला की पल्ला कमी, वेज सर्वांत आखूड), आतून पोकळ डोक्यांचा, ग्राफाइट शाफ्टचा (दांड्याचा), सात नंबरचा लॉफ्ट, म्हणजे तोंड मागे कललेलं असतं तो कोन, २९ अंश. जुना सेट पंधरा वर्षांचा, कॅव्हिटी बॅक (डोक्याची पाठ खोलगट), स्टील शाफ्ट, त्यातला सात नंबर ३४ अंशांचा. जूनमध्ये साडू आणि दोन मित्रांबरोबर श्रीनगर आणि गुलमर्गला खेळायला जायचं ठरलं आहे. साडू म्हणतात, सुट्टीत डोकं मोकळं असतं, नवा सेट तिकडेच आजमाव. घरच्यांचं म्हणणं, एवढा खर्च करून चालला आहात तर हात बसलेली हत्यारं न्या. सेट अजून खोक्यातच आहे. काय करावं?

नवा सेट न्या. मात्र सगळा नेऊ नका, आणि जुना सगळा घरी ठेवू नका. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिकडे चेंडू किती लांब गेला हे बघून काहीही ठरवू नका. सहलीत आयर्न आजमावणारी बहुतेक मंडळी नेमकं तेच करतात आणि घरी आल्यावर महिनाभर ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) पलीकडच्या झाडीत चेंडू शोधत बसतात. नवा सेट कसा आहे हे त्याच्या चांगल्या फटक्यांवरून फारसं कळत नाही. चुकलेला फटका कुठे जातो, त्यावरून कळतं. काश्मीरहून मला तुमच्याकडून चुकांची यादी हवी आहे, यार्डांची नको.

तुम्ही इंजिनिअर आहात, तेव्हा आधी हिशेबच मांडतो. तुमचा जुना सात नंबर बडोद्यात १३५ यार्ड कॅरी करतो, म्हणजे चेंडू तेवढा हवेतून नेतो, असं धरू. नवा सात नंबर त्यापेक्षा पाच अंशांनी कमी लॉफ्टचा आहे, शाफ्टही बहुधा पाव इंच लांब असेल. तुमच्या वेगाला एवढ्यानेच बारा-तेरा यार्ड वाढतात. म्हणजे बडोद्यातच तो १४८ च्या आसपास जाईल. आता उंची. बडोदं समुद्रसपाटीपासून चाळीसेक मीटरवर, श्रीनगर १,६०० मीटरच्या जवळपास, गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर. हवा विरळ झाली की चेंडूला होणारा विरोध कमी होतो. ढोबळ हिशेब असा, की दर हजार फुटांना कॅरी एक टक्क्याहून थोडी जास्त वाढते. श्रीनगरला सहा टक्के, गुलमर्गला दहा टक्के धरा. १४८ चे गुलमर्गला १६३ झाले. डोंगरातल्या गारव्याने त्यातले दोन-तीन यार्ड कापले गेले तरी १६० राहतात.

म्हणजे पहिल्याच दिवशी तुम्ही सात नंबर काढणार, चेंडू १६० वर पडणार, साडू टाळ्या वाजवणार आणि रात्री जावयाला फोन जाणार. त्या वाढलेल्या पंचवीस यार्डांत निम्मे डोंगराचे आहेत आणि निम्मे सोलवर (डोक्याच्या तळावर) कोरलेल्या आकड्याचे. नव्या आयर्नची म्हणून जी काही गुणवत्ता असेल, ती या हिशेबात अजून आलेलीच नाही. जुना सहा नंबर तिथे मारला असतात तरी जवळपास तेवढाच गेला असता.

सोलवरचा आकडा म्हणजे दोन कंपन्यांच्या बुटांवरचा आठ नंबर. एकाचा पायात बसतो, दुसऱ्याचा चावतो, आणि दोघांवर आठच लिहिलेलं असतं. सात नंबर कितीचा असावा याचा कुठलाही नियम नाही. मागच्या पिढीत ३५-३६ अंशांचा सात नंबर सर्रास मिळायचा, आज २८ चाही मिळतो. यात निव्वळ लबाडी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. पोकळ डोक्यात वजन खाली आणि मागे नेता येतं, त्यामुळे चेंडू वर चढतो. लॉफ्ट ३४ च ठेवला तर तो विनाकारण उंच जाऊन आखूड पडेल. म्हणून कंपन्या लॉफ्ट कमी करतात. ही वजन कडेला नेण्याची कल्पना ज्यांनी गाजवली ते पिंग या क्लबच्या कंपनीचे कार्स्टन सोल्हाइमही इंजिनिअरच. जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करता करता १९५९ मध्ये त्यांनी पहिला पटर (ग्रीनवर चेंडू भोकाकडे ढकलायचा क्लब) केला. तेव्हा तुमच्या जमातीचाच हा उद्योग आहे.

तुलना करायची तर जुन्या सातची नव्या सातशी करू नका. नवा आठ नंबर ३३ अंशांच्या आसपास असेल, जुन्या सातची जोडी त्याच्याशी लावा. हे निघण्याआधी पक्कं करून घ्या. दोन्ही सेटचे लॉफ्ट आणि लाय (दांडा जमिनीशी करतो तो कोन) मोजून घ्या, जुन्याचेसुद्धा. पंधरा वर्षं मॅटवर आणि उन्हाळ्यातल्या टणक जमिनीवर आपटलेले आयर्न एखाद-दोन अंश सरकलेले निघतात, विशेषतः फोर्ज केलेले, म्हणजे ठोकून घडवलेले. तुमचे बहुधा कास्ट (ओतीव) असतील, ते कमी सरकतात. तरी मोजायला दहा मिनिटं लागतात. छापील तक्त्यावर विसंबू नका, तो कारखान्याचा इरादा असतो.

आता बॅग कशी भरायची ते. नियमाप्रमाणे फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब. एक जरी जास्त निघाला तरी स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) ज्या ज्या होलवर चूक झाली तिथे दोन-दोन स्ट्रोक, फेरीत जास्तीत जास्त चार स्ट्रोक दंड. चौघेच खेळत असाल तर कोणी मोजणार नाही, पण साडू पैज लावणार असतील तर नक्की मोजतील. ड्रायव्हर, फेअरवे वूड, हायब्रिड (वूड आणि आयर्नच्या मधला), सँड वेज आणि पटर हे पाच. नव्यातले सहा, सात, आठ, नऊ आणि पिचिंग वेज, हे झाले दहा. नवा पाच नंबर घरी ठेवा. तो २२-२३ अंशांचा असणार, तुमच्या वेगाला चेंडू पुरेसा वर जाणार नाही, तिथे हायब्रिडच बरा. त्यावर जुना सात आणि जुना पिचिंग वेज. बारा झाले.

जुना पिचिंग वेज मी नुसता तुलनेसाठी घ्यायला सांगत नाही. २९ च्या सातबरोबर येणारा पिचिंग वेज ४२-४३ अंशांचा असतो, आणि तुमचा सँड वेज ५६ चा आहे असं धरतो. मध्ये तेरा अंशांची खिंड पडली. म्हणजे नव्वद यार्डांवरून तुमच्याकडे पूर्ण स्विंगचा एकही क्लब नाही. एक ग्रीन पार करतो, दुसरा बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, पडतो. जुना पिचिंग वेज ४६-४७ चा, तो या खिंडीत बसतो. नवा सेट घेणारे दहापैकी आठजण याच ठिकाणी अडकतात आणि दोष स्वतःच्या मनगटाला देतात. नवा सेट म्हणजे पुढेमागे ४८-४९ चा एक गॅप वेजही आलाच, हे घरच्यांना आताच सांगून ठेवा.

निघण्याआधी बडोद्यात एकदा तरी नवा सेट मारून बघा. खोक्यातून काढून थेट विमानात घालू नका. इथे फक्त एक गोष्ट बघायची, लाय. त्यासाठी लाँच मॉनिटर (चेंडूचा वेग आणि कोन मोजणारं यंत्र) लागत नाही, व्हाइटबोर्डचा काळा मार्कर पुरतो.

चेंडूवर मार्करने जाड, ठळक रेघ ओढा. चेंडू असा ठेवा की रेघ क्लबच्या तोंडाकडे राहील आणि बरोबर उभी असेल. शाई वाळायच्या आत नेहमीसारखा फटका मारा. रेघेचा ठसा तोंडावर उमटतो. तोंडावरच्या आडव्या खाचांशी तो काटकोनात असेल तर लाय तुम्हाला जुळते. ठशाचं वरचं टोक टोच्या बाजूला, म्हणजे डोक्याच्या दांड्यापासून दूरच्या कडेला, झुकलं असेल तर क्लब तुम्हाला जास्त उभा आहे, म्हणजे फटक्याच्या क्षणी टो वर उचलला जातो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो. हीलकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, झुकला असेल तर उलट. एका ठशावर भरवसा ठेवू नका, सात-आठ घ्या, ठसा पुसत चला, आणि ज्या बुटांत खेळता त्याच बुटांत मारा. सहा नंबरने करा आणि पिचिंग वेजने वेगळं करा. लॉफ्ट जितका जास्त, तितकी लायची चूक दिशेला जास्त नडते. सहा नंबरला माफ होणारी चूक वेजला माफ होत नाही.

हे इथेच का? कारण डोंगरातल्या कोर्सवर सपाट जागा कमी मिळते. चेंडू पायांपेक्षा वर किंवा खाली असला की लाय आपोआप बदलते, आणि मग डावीकडे गेलेला चेंडू क्लबचा की उताराचा, हे तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही. इथल्या सपाटीवर लाय पक्की करून गेलात तर एक शंका कमी झाली.

आता तिकडचं. पहिला दिवस प्रयोगात धरायचा नाही. खाली ४० अंशांतून उठून, मध्ये विमान बदलून, वर पोचलेला माणूस, त्यात विरळ हवा. गुलमर्गला दुसऱ्या-तिसऱ्या होलपासून धाप लागते, आणि धाप लागलेला माणूस हातांनी मारतो. त्या दिवशी खेळा, फोटो काढा, पाणी भरपूर प्या, आणि वहीत काही लिहू नका. श्रीनगरला आधी आणि गुलमर्गला नंतर असा क्रम जमला तर तोच ठेवा. डल सरोवराच्या बाजूचं रॉयल स्प्रिंग्ज हे रॉबर्ट ट्रेंट जोन्स ज्युनिअर यांनी आखलेलं मैदान आहे, तिथे नुसतं बघत चाललं तरी फेरी वसूल होते.

सरावाच्या रेंजवर मिळणारे चेंडू प्रयोगाला कुचकामी. ते जुने, घासलेले आणि बरेचदा मुद्दाम कमी पल्ल्याचे असतात. बडोद्यात ज्या कंपनीचा, ज्या मॉडेलचा चेंडू वापरता तोच घेऊन जा आणि दोन्ही सेटला तोच वापरा. रात्री चेंडू गाडीच्या डिकीत ठेवू नका. गारठलेला चेंडू सकाळी मंद उडतो आणि पहिल्या चार होलांचा दोष आयर्नवर येतो.

आणि कॅडीला नंबर विचारू नका, यार्ड विचारा. तिथले कॅडी हुशार. बाहेरून आलेला पाहुणा दिसला की ‘साब, एक क्लब कम लो’ हे ठरलेलं. पण त्याच्या डोक्यातला सात नंबर जुन्या लॉफ्टचा असतो. तुम्ही त्याच्या सल्ल्याने आठ घेतलात तर तुमचा आठ म्हणजे त्याचा सातच, आणि चेंडू ग्रीनच्या मागे. ‘पिनपर्यंत किती, ग्रीनच्या पुढच्या कडेपर्यंत किती’ एवढंच त्याच्याकडून घ्या, क्लब तुमचा तुम्ही निवडा.

मग वहीत काय लिहायचं? स्कोअरकार्डाची पाठ पुरते. आयर्नचा प्रत्येक फटका नको, फक्त सपाट जागेवरून मारलेले. क्लब कोणता, चेंडू फेअरवेवर (कापलेल्या गवतात) की रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात), आणि चूक कुठे: आखूड, लांब, डावीकडे, उजवीकडे. जमलं तर तोंडावर चेंडू कुठे लागला तेही. त्यासाठी पायाच्या बुरशीवर मारतात तो पावडरचा स्प्रे औषधाच्या दुकानातून घेऊन ठेवा. क्लबच्या तोंडावर हलका फवारा मारला की पांढरा थर बसतो आणि चेंडूचा गोल ठसा स्वच्छ उमटतो. हे सरावाच्या वेळीच करा. भर फेरीत तोंडाला काही फासून मारणं नियमात बसत नाही.

ठसे बघताना एक लक्षात घ्या. पोकळ आयर्न मध्यापासून दूर लागलेल्या फटक्यालाही सांभाळून घेतं, त्यामुळे हाताला चूक जाणवत नाही. जुन्या आयर्नने टोवर मारलं की मनगटापर्यंत झिणझिण्या यायच्या, इथे चेंडू बऱ्यापैकी जातो आणि माणूस खूश होतो. ठसे मात्र खोटं बोलत नाहीत. सगळे ठसे टोच्या बाजूला जमत असतील तर शाफ्टची लांबी किंवा तुमचं उभं राहणं, दोन्हीपैकी एक तपासायला हवं. हे आता न बघता सोडलं तर वर्षभराने ती सवय होते.

ग्रीनवर पोचलात की पिच मार्क शोधा. चेंडू जिथे पडला ती खूण आणि जिथे थांबला ती जागा, मध्ये किती पावलं? माझ्या मते सगळ्या सहलीत लिहून आणण्यासारखा एकच आकडा असेल तर हा. कमी लॉफ्टचं आयर्न म्हणजे फिरकी थोडी कमी. दौऱ्यावरच्या व्यावसायिकांचा सात नंबर मिनिटाला ७,००० च्या आसपास फेरे देतो आणि चेंडू ५० अंशांच्या आसपास कोनातून खाली येतो. तुमच्या-माझ्या चेंडूला ना तेवढे फेरे, ना तेवढा कोन. त्यात विरळ हवेत फिरकीला धरायला हवाच कमी, त्यामुळे चेंडू कमी उचलला जातो आणि जास्त तिरपा उतरतो. श्रीनगर-गुलमर्गला गवत थंड हवेचं, जमीन मऊ, म्हणून तो तरीही थांबेल. मेमधल्या बडोद्याच्या टणक ग्रीनवर तोच चेंडू दहा-पंधरा पावलं पुढे जाऊन मागच्या उतारावरून खाली घरंगळतो. म्हणून तिथे नवा आठ आणि जुना सात एकाच ग्रीनवर, एकाच अंतरावरून मारायची संधी मिळाली तर सोडू नका. पडल्यानंतर दोघांत फरक दोन-तीन पावलांचा असेल तर चिंता नको. नवा दुप्पट पळत असेल तर तो बडोद्यात तुम्हाला रडवणार.

अशी जोडी मारताना दहा जुन्याने आणि मग दहा नव्याने असं करू नका. दहा मारेपर्यंत अंग मोकळं होतं आणि दुसऱ्या सेटला फुकटचा फायदा मिळतो. एक जुना, एक नवा, एक जुना, एक नवा. कंटाळवाणं आहे, पण फेरी संपल्यावर सरावाच्या मैदानात वीस-पंचवीस चेंडूंत होतं. त्या वेळी साडूंना चहाला पाठवा.

रफमधून मारलेल्या फटक्यांची वेगळी खूण करा. ओलसर, दाट गवत चेंडू आणि तोंडाच्या मध्ये आलं की फिरकी मरते आणि चेंडू सुसाट सुटतो. हे सगळ्याच आयर्नचं होतं, पातळ तोंडाच्या पोकळ आयर्नचं थोडं जास्त होतं असा माझा अनुभव. एखादा फटका अचानक पंधरा यार्ड जास्त गेला तर ‘आज लागला’ म्हणून खूश होऊ नका, त्या आयर्नचा तो स्वभाव आहे आणि पावसाळ्यात इथेही तो दिसणार.

सहलीचा खरा उपयोग कशाला होतो ते सांगतो: शाफ्टच्या वजनाला. घरी आपण आठवड्यातून एक फेरी खेळतो, दुपारी झोपतो, कोणतंही शाफ्ट चालून जातं. सहलीत लागोपाठ चार दिवस चालणं आणि खेळणं होतं. तुमचं जुनं स्टील शंभर ते एकशेतीस ग्रॅमच्या दरम्यान कुठेतरी असणार, नवं ग्राफाइट साठ ते ऐंशी. पंधरा वर्षं एका वजनाला सरावलेल्या हाताला एवढा फरक पहिल्या दिवशी गोंधळात टाकतो. क्लब हलका, म्हणून वरून घाईने खाली येतो आणि चेंडू डावीकडे खेचला जातो. त्यावरून सेट वाईट ठरवू नका. तिसऱ्या दिवसाच्या शेवटच्या सहा होलांवर काय होतं ते बघा. थकल्यावर जड क्लब मागे राहतो, चेंडू पातळ, म्हणजे क्लबच्या खालच्या कडेने, लागून उजवीकडे जातो. हलक्या शाफ्टने त्या वेळी चेंडू सरळ जात असेल, तर ५४ व्या वर्षी तुम्हाला ते शाफ्ट पुढची दहा वर्षं उपयोगी आहे. थकल्यावरही डावीकडेच जात असेल, तर शाफ्ट तुमच्यासाठी फार हलकं किंवा फार लवचिक आहे, आणि मग शाफ्ट बदलण्याचं बोलावं लागेल. ही परीक्षा बडोद्यात एका रविवारी घेता येत नाही. साडूंच्या म्हणण्यात एवढं तथ्य आहे.

दोन गोष्टींचा निकाल मात्र तिकडे लावूच नका. एक सोल. नव्या आयर्नचा सोल रुंद आहे. मऊ जमिनीत रुंद सोल रुतत नाही, काश्मीरमध्ये तो लोण्यासारखा सरकेल आणि तुम्ही प्रेमात पडाल. बडोद्याच्या उन्हाळ्यात, जिथे बर्म्युडा गवत विरळ होऊन खालची माती टणक झालेली असते, तोच सोल जमिनीवरून उसळून चेंडूच्या पोटात बसू शकतो. दुसरी ग्रिप. गार, कोरड्या हवेत कुठलीही ग्रिप हाताला गोड लागते. जूनच्या आपल्या चिकट घामात तळवा ओला असतो आणि बोटं किंचित सुजलेली असतात. दोरा घातलेली कॉर्ड ग्रिप हवी का, जाड हवी का, हे इथेच ठरेल.

सामानाचं थोडक्यात. आयर्न केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, चेक-इनमध्येच जातात. बॅग बारा-पंधरा किलोंची होते, खेळाच्या सामानाचे दर कंपनीनुसार वेगळे, तिकीट काढतानाच बघा. आयर्नची डोकी टॉवेलात एकत्र बांधा. ग्राफाइट शाफ्टला शेजारच्या आयर्नच्या धारेने ओरखडा पडला तर तो नुसता रंगाचा आहे की आतल्या थरापर्यंत गेला, हे डोळ्यांना कळत नाही. रेंजफाइंडर आणि त्याच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवा. त्यात उतार-चढाव धरून अंतर दाखवायची सोय असेल तर प्रयोगापुरती ती बंद ठेवा, नाहीतर कुठलं अंतर कशाचं याचा पत्ता लागत नाही.

परत आल्यावर लगेच माझ्याकडे येऊ नका. नव्याचे नऊ दिवस जाऊ द्या. आपल्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या कोर्सवर दोन-तीन रविवार खेळा. प्रतापसिंह गायकवाड महाराजांनी १९३० च्या दशकात युरोपीय पाहुण्यांसाठी केलेलं आणि नव्वदच्या दशकात त्यांचे नातू समरजितसिंहांनी नीट करून सगळ्यांना खुलं केलेलं हे मैदान तुम्हाला तोंडपाठ आहे. कुठल्या झाडापासून पिनपर्यंत जुना सात लागायचा, कुठे आठ, हे कॅडीला विचारावं लागत नाही. त्याच जागांवरून नवे आयर्न मारा. हा सूर्य हा जयद्रथ. तोवर पाऊस सुरू झालेला असेल तर ग्रीन मऊ असतील हे ध्यानात ठेवा आणि थांबण्याबद्दलचा निर्णय दिवाळीनंतरच्या कोरड्या ग्रीनपर्यंत राखून ठेवा. बाकी सगळं तेव्हाच ठरवता येईल.

मग ती स्कोअरकार्डं घेऊन या. चुका सगळीकडे सारख्या विखुरलेल्या असतील तर सेटला काही करायचं नाही, सराव करायचा. सगळ्या एकाच बाजूला असतील तर लाय वाकवून बघू. पोकळ डोक्याचे आयर्न फोर्ज केलेल्यांइतके वाकत नाहीत. साधारण एखाद-दोन अंशांची मुभा असते, कंपनीने किती सांगितली आहे ते आधी बघावं लागेल. लॉफ्ट एक अंशाने वाढवला की बाउन्सही (सोलचा जमिनीशी असलेला, क्लब रुतू न देणारा कोन) तेवढाच वाढतो, तेव्हा पिचिंग वेज वाकवून खिंड बुजवू असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. गॅप वेज घेणं स्वस्त पडेल. सहलीवर जुना पिचिंग वेज त्या जागी चांगला चालला तर तोही तूर्तास घेऊ नका, जुनाच राहू द्या बॅगेत. वेगवेगळ्या सेटचे क्लब एका बॅगेत ठेवायला नियमाची काही हरकत नाही.

जुना सेट विकायची घाई नको. पंधरा वर्षांच्या कास्ट आयर्नला बाजारात फारसं काही मिळत नाही, आणि साडूंनी मागितला तर आधी त्यांची उंची आणि हाताची लांबी मोजून घेऊ. येताना बूट घेऊन या, आणि तोवर नव्या सेटच्या ग्रिप बदलू नका. ग्रिपच्या वजनाने डोकं जड-हलकं लागतं, आणि मग काश्मीरच्या नोंदी कशाच्या होत्या ते जुळवता येत नाही.